रिफ्रेश मारा, भाऊ!

ज्याला लिहायचं असतं तो कागद-पेन घेऊन बसतो. ज्याला लिहिणं टाळायचं असतं, पण लेखक म्हणवून घ्यायची हौस काही सुटत नाही, तो वेबसाइट काढतो. एकदा ती निघाली की पुढची काही वर्षं न लिहिण्याचं सज्जड कारण हाताशी राहतं. "सध्या काय लिहिता?" असं कुणी विचारलंच, तर कपाळाला आठ्या घालून सांगायचं, "थीम बदलून राहिलो ना." विचारणारा गप्प होतो. थीम म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं, पण आठ्या खऱ्या आहेत हे त्याला दिसतं.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे पीक बरं येतं. उर्वरित महाराष्ट्राला गोंदिया माहीत आहे तो रेल्वेच्या डब्यावरच्या पाटीमुळे. मुंबईहून निघालेली विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोघीही इथवर येऊन थांबतात, कारण पुढे महाराष्ट्रच संपतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. धान, तलाव, नागझिऱ्याचं जंगल, कचारगडची गुहा, हाजरा धबधबा, सारस पक्षी असं सगळं आमच्याकडे आहे. पण पुण्या-मुंबईच्या छापील पानावर यातलं काही यायचं तर एक तर वाघ दिसावा लागतो, नाही तर पूर यावा लागतो. मग माणूस म्हणतो, कोणी छापत नाही ना, आपणच छापू.

त्यात वेबसाइट उभी करायचं वर्डप्रेस फुकट. 'फुकट' हे ऐकल्यावर पुढचं आम्ही सहसा ऐकत नाही. २७ मे २००३ रोजी मॅट मलनवेग नावाच्या १९ वर्षांच्या अमेरिकन पोराने आणि माइक लिटल नावाच्या इंग्रज गृहस्थाने 'बीटू' नावाच्या वाऱ्यावर पडलेल्या जुन्या सॉफ्टवेअरची डागडुजी करून हे बाहेर काढलं. म्हणजे ही वस्तू मुळात दुरुस्तीतूनच जन्माला आली. तिच्या भक्तांनी लिहिणं सोडून दुरुस्तीच करत बसावं, यात वावगं ते काय?

साइट उघडल्याबरोबर तिच्यात एक नमुन्याचा लेख तयारच असतो, जगाला नमस्कार करणारा. आमच्या भागातल्या कित्येक साइटी जगाला नमस्कार करून तिथेच थांबल्या आहेत. सोबत 'हॅलो डॉली' नावाचं एक प्लगिनही, म्हणजे साइटला लावायचं जोडकाम, फुकटात येतं. चालू केलं की लुई आर्मस्ट्राँगने गाजवलेल्या गाण्याची एखादी ओळ ते आतल्या पानाच्या कोपऱ्यात दाखवत राहतं. दुसरं काहीही करत नाही. तरी ते काढायला कुणाचा हात धजत नाही. न जाणो, त्याच्यावरच काही टेकलेलं असलं तर?

मग प्लगिनांचा बाजार लागतो. फुकट मिळणारी प्लगिनं पन्नास हजारांच्या वर आहेत. एक साइट वेगवान करतं, दुसरं तिची राखण करतं, तिसरं या दोघांचं भांडण सोडवतं. डाव्या हाताला एक लाल टिकली दिसायला लागते, तिच्यात आकडा. एवढी अपडेट बाकी आहेत, असा त्याचा अर्थ. या टिकलीवरून गावात दोन पंथ पडतात. एक पंथ टिकली दिसली की दाबतो आणि मग साइट बंद पडली म्हणून फोन करतो. दुसरा कधीच दाबत नाही आणि मग साइट जपानी औषधं विकायला लागली म्हणून फोन करतो. फोन दोघेही मलाच करतात, कारण कधी काळी एका शिक्षक-मित्राच्या साइटवरची तारीख मी मराठीत करून दिली होती. तेव्हापासून मी 'वेबसाइटवाले सर'. मंगल कार्यालयातही पंगतीत शेजारी बसलेला माणूस बुंदी वाढून घेता घेता विचारतो, "सर, ते चारशे चार काय असते जी?"

या साऱ्या व्यवहारातला अदृश्य पुरुष म्हणजे भाचा. साइट उभी केलेली असते भाच्याने. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, आता हिंजवडीत आहे आणि फोन उचलत नाही. पासवर्ड त्याच्याकडे. ॲडमिनचा ईमेल त्याचा, तोही कॉलेजात असतानाचा. २०१९ साली आलेल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसने मोठी सोय केली आहे. साइट मोडून पडली की मालकाला आपोआप ईमेल जातो आणि त्यात आत शिरायची चोरवाट असते. जगभरच्या मालकांनी हुश्श केलं. आमच्याकडे तो ईमेल भाच्याच्या त्या जुन्या पत्त्यावर जातो, तिथे डोमेनचं भाडं थकल्याच्या सूचनाही धूळ खात पडलेल्या असतात. इकडे मामाजी बंद पडलेल्या साइटकडे बघत म्हणतात, "नेट स्लो आहे वाटते."

भाच्याने आणखी एक करून ठेवलेलं असतं. मूळ थीमच्या, म्हणजे साइटच्या तयार साच्याच्या, फायलींतच हात घालून मनासारखे बदल. नियम असा की बदल 'चाइल्ड थीम'मध्ये करायचे, म्हणजे मूळ थीमचं अपडेट आलं तरी ते टिकतात. मूळ थीममधला बदल म्हणजे गायरानावर बांधलेली खोली. वर्षानुवर्षं कोणी काही म्हणत नाही, माणूस रंग देतो, तुळस लावतो, आणि एके दिवशी सकाळी जेसीबी येतो. अपडेट झालं की हेडरमधला आजोबांचा फोटो, झुलणारी 'हार्दिक स्वागत'ची पट्टी, सगळं भुईसपाट. हरकत कुणाकडे नोंदवणार? बांधकामच बेकायदा.

पण खरी मजा सुरू होते ती मजकूर मराठी असला की. या थीमा ज्यांनी घडवल्या त्यांच्या डोळ्यांपुढे सुटी सुटी उभी राहणारी अक्षरं होती. त्यांना मथळ्यातल्या अक्षरांत दोन पिक्सेलची फट ठेवली की भारदस्त वाटतं. तीच फट देवनागरीत आली की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि 'तिरोडा'तलं प्रत्येक अक्षर आपापला वाटा घेऊन वेगळं राहायला लागतं. उपाय एका ओळीचा आहे: स्टाइलच्या फायलीत 'लेटर-स्पेसिंग' नॉर्मल करायचं. ही एक ओळ लिहिल्यावर जे समाधान मिळतं ते पाच पानी लेख लिहून मिळत नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. लेख चांगला झाला की नाही हे कधीच कळत नाही. शिरोरेषा जुळली की नाही ते लगेच दिसतं. लिहिणारी माणसं दुरुस्तीच्या नादी का लागतात, याचं माझ्यापुरतं उत्तर हे एवढंच आहे.

जुना मजकूर नव्या साइटवर आणायचा असला की कृती देवचा प्रश्न येतो. आमच्या जिल्ह्यावर हिंदीची सावली असल्यामुळे टायपिंगवाल्यांच्या बोटांत कृती देव मुरलेला. त्या फॉन्टात रफार अक्षराच्या मागून टाइप करतात. युनिकोडात तो 'र' होऊन अक्षराच्या आधी जाऊन बसतो. ही बदली करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण बदलीत जसे सरकारी कर्मचारी मधल्या मध्ये रजेवर जातात तसे काही रफार नव्या जागी रुजूच होत नाहीत. आमच्या दोन तालुक्यांच्या नावांत रफार आहे. एका साइटवर तो गळाला आणि 'सडक अर्जुनी'ची 'सडक अजुनी' झाली. दुरुस्त करायला मी बसलो तर मालक म्हणाले, "राहू द्या जी सर, रस्त्याच्या बातमीवर आहे, शोभून राहिलं."

लेखाच्या माथ्यावर 'वाचायला लागणारा वेळ' दाखवणारं प्लगिन असतं. त्यातली बरीचशी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, शब्द मोजणाऱ्या एका तयार फंक्शनवर चालतात आणि त्या फंक्शनला फक्त रोमन अक्षरांचे शब्द ओळखता येतात. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना नवेगावबांधला राहिले, तिथल्या वास्तव्यावर त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. त्या पुस्तकावर एका गृहस्थांनी मोठ्या कष्टाने दीर्घ लेख लिहिला. प्लगिनने वर पाटी लावली: वाचनवेळ ० मिनिटे. गृहस्थ दुखावले. मी त्यांची समजूत घातली, पण लोक त्या लेखाला खरोखर किती वेळ देतात ते पाहता पाटी फारशी चुकलेली नव्हती.

त्याच गृहस्थांचा दुसरा लेख, 'नवेगावबांधच्या तलावावरचे स्थलांतरित पक्षी'. लेखाचा पत्ता वर्डप्रेस शीर्षकावरून बनवतं आणि पत्त्याला जागा असते २०० खणांची. इंग्रजीत एका अक्षराला एक खण पुरतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, शिवाय प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त नऊ-नऊ खण अडवतं, कारण त्याचं टक्क्याच्या खुणांनी भरलेल्या सांकेतिक लिपीत रूपांतर होतं. म्हणजे बाविसेक चिन्हांत आमची जागा संपते. त्यामुळे पत्ता तयार झाला तो 'नवेगावबांधच्या तलावावरच'. 'चे'ची मात्राही आत मावली नाही. पक्षी गेलेच, उरला तो 'च'. जणू कुणी टेबलावर मूठ आपटून सांगतंय की जे काय व्हायचं ते नवेगावबांधच्या तलावावरच. व्हॉट्सॲपवर ही लिंक पाठवली तर बहुतेकदा टक्के आणि आकड्यांची वीतभर रांग जाते. मग घरची मंडळी ताकीद देतात, असल्या लिंका उघडायच्या नाहीत, खात्यातले पैसे जातात.

आता सारसाचं ऐका. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच, उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागतो. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्याच भागात उरला आहे. धानाच्या बांध्यांत घरटं करतो आणि शेतकरी ते सांभाळतात. जोडीने राहतो. उंची एवढी की फोटो काढायचा तर मोबाइल उभा धरावा लागतो. आणि वर्डप्रेस उभ्या फोटोचं काय करतं? पहिल्या पानासाठी १५० बाय १५० पिक्सेलचा चौकोन कापतं, तोही बरोब्बर मधोमध. सारसाच्या मधोमध पोट असतं. तेव्हा एका हौशी पक्षिमित्राच्या साइटवर पहिल्या पानावर ओळीने नुसती राखाडी पोटं आणि पायांचे दांडके लागले, लाल डोकं एकाचंही नाही. खाली मथळा: 'आपल्या जिल्ह्याचं वैभव'. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याचा घाबरलेला फोन आला, "कोनं मारले जी हे?"

चौकोन वरच्या बाजूने कापायचा हुकूम कोडमध्ये देता येतो. तो दिला, जुन्या सगळ्या फोटोंचे चौकोन नव्याने पाडून घेतले आणि सारसांना डोकी आली. मात्र हुकूम सर्वांना सारखा. इटियाडोहच्या उभ्या फोटोतलं धरण खाली राहिलं आणि वर नुसतं आभाळ आलं. हाजराच्या फोटोत धबधबा सुरू होण्याआधीचे दगड. पक्षिमित्राने यावरही तोड काढली. आता तो फोटो काढतानाच विषय वरच्या तिसऱ्या भागात बसवतो. वर्डप्रेसमुळे छायाचित्रणाची एक शैलीच जन्माला आली.

'कोड म्हणजे कविता' हे वर्डप्रेसचं ब्रीद आहे. हे ज्याने सुचवलं त्याने आमच्याकडची कविसंमेलनं पाहिलेली नाहीत. कवितेत एखादा अर्धविराम गळाला तर समीक्षक त्याला प्रयोग म्हणतात. 'फंक्शन्स डॉट पीएचपी' या फायलीत एक अर्धविराम गळाला की संपूर्ण साइट ठप्प. दुसऱ्याच्या पानावरून उचललेल्या कोडमधली सरळ अवतरणचिन्हं वाटेत सुबक वाकडी झाली तरी तेच. माणूस रात्री साडेअकराला ओळी बोटाने मोजत बसतो, घरातून आवाज येतो, "झोपता का आता?" आणि त्याच क्षणी लाइट जाते.

कविता निघालीच आहे तर भवभूतीचं नाव घ्यायला हवं. आमगावजवळ पदमपूर नावाचं गाव आहे. भवभूतीने स्वतःचं गाव म्हणून विदर्भातल्या ज्या पद्मपुराचा उल्लेख केला ते हेच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचं मत. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव आहे. या आठव्या शतकातल्या नाटककाराला त्याच्या काळात म्हणावे तसे चाहते मिळाले नसावेत, कारण 'मालतीमाधवा'च्या सुरुवातीलाच तो स्वतःची समजूत घालतो की काळ काही संपलेला नाही, पृथ्वीही मोठी आहे, कधी तरी कुठे तरी आपल्या जातकुळीचा वाचक जन्मेल. जिल्ह्यातल्या तमाम साइटवाल्यांचा हा मूळपुरुष. फरक एवढाच की त्याच्याजवळ आकडेवारीचं प्लगिन नव्हतं, म्हणून त्याचा धीर टिकला.

आमच्याजवळ ते आहे. ते सांगतं की काल सालेकसा तालुक्यावरचा तुमचा लेख मध्यरात्री तीन वाजता ॲशबर्न इथे वाचला गेला. माणूस हरखतो. अमेरिकेत व्हर्जिनियात आपला वाचक! कोण असेल? आमगावचंच कुणी पोट्टं तिकडे गेलं असेल का? मी खुलासा करत नाही. ॲशबर्नला डेटा सेंटरांची मोठी वस्ती आहे आणि तिथून येतात ते बॉट, म्हणजे न थकता पानं चाळणारी यंत्रं, हे सांगून कुणाचं काय भलं होणार आहे?

तसं पाहता बॉटांचे उपकारच मानायला हवेत. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नसतं. 'उद्या सकाळी सहाला लेख प्रसिद्ध कर' असं सांगून ठेवलं तरी सहा वाजल्याचं त्याला तेव्हाच कळतं जेव्हा कुणी तरी साइट उघडतं. कोणीच आलं नाही तर लेख आतच बसून राहतो. लेख नाही म्हणून वाचक येत नाही, वाचक येत नाही म्हणून लेख बाहेर पडत नाही. सर्व्हरवर खरी क्रॉन, म्हणजे वेळेवर काम करवून घेणारं घड्याळ, लावून ही कोंडी फोडता येते, पण आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ती पहाटे ॲशबर्नचा एखादा बॉट फोडतो.

या सगळ्यांत पैसे मिळवणारी साइट मी एकच जवळून पाहिली आहे, माझ्या एका पत्रकार मित्राचं न्यूज पोर्टल. त्याचं उत्पन्न बातम्यांवर नाही, शुभेच्छांवर आहे. वाढदिवस, पंधरा ऑगस्ट, पोळा, दिवाळी. चौकातल्या फ्लेक्सचं शास्त्र ठरलेलं आहे: माथ्यावर दिल्ली-मुंबईचे नेते छोट्या गोलांत, मध्ये उत्सवमूर्ती मोबाइल कानाला लावून, तळाला शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. तिथे सगळे एकाच वेळी दिसतात. पोर्टलवर मात्र स्लायडर असतो, फोटो एकामागून एक येतात. मग पहिला कोण, हा प्रश्न आलाच.

एका पंधरा ऑगस्टला तीन नेत्यांनी सारखेच पैसे दिले. तिघांनाही पहिलं यायचं होतं. मी मित्राला स्लायडरच्या कोडमधला एक शब्द बदलायला सांगितला. 'तारखेनुसार'च्या जागी 'रँड', म्हणजे पान उघडेल तेव्हा क्रम आपोआप वेगळा. मित्राने तिघांना फोन करून सांगितलं, "भाऊ, कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकते. माह्या हातात काही नाही." यंत्राचा निवाडा म्हटल्यावर तिघेही मान्य झाले.

पण बारा तारखेला साइट जड चालायला लागली म्हणून त्याने परस्पर एक कॅशेचं प्लगिन बसवलं. कॅशे काय करते, तर पान एकदा तयार झालं की त्याची प्रत काढून ठेवते आणि पुढे जो येईल त्याला तीच प्रत देते. चिठ्ठी एकदाच निघाली आणि ती जपून ठेवण्यात आली. जे भाऊ त्या क्षणी पहिले होते ते दोन दिवस पहिलेच राहिले. तिसऱ्या भाऊंचा माणूस मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नाचवत आला. "चिठ्ठ्या टाकते ना तुमचा कॉम्प्युटर? मंग दोन दिवसांपासून एकच चिठ्ठी काहून निघून राहिली?"

मित्राने घाबरून कॅशे पुसली. नवी चिठ्ठी निघाली, दुसरे भाऊ पहिले झाले आणि तेही तिथे ठाण मांडून बसले. आता पहिल्या भाऊंचे लोक आले. पुन्हा पुसली. संध्याकाळपर्यंत त्याने जितक्यांदा कॅशे पुसली तितक्यांदा पक्ष बदलला, असं चौकातल्या चहाच्या टपरीवर ठरलं. पाकिटाची रक्कमही तिथेच ठरली आणि ती ऐकून खुद्द मित्राला आपण गरीब असल्याचं वाईट वाटलं.

शेवटी क्रम लावण्याचं काम सर्व्हरकडून काढून वाचकाच्या ब्राउझरकडे दिलं. जावास्क्रिप्टच्या चार ओळी: पान कॅशेतलंच येऊ दे, फोटो मोबाइलमध्ये पोहोचल्यावर पिसले जातील. चौदाच्या रात्री हे बसवून आम्ही झोपलो.

पंधराला झेंडावंदन आटोपत नाही तो फोन. "काबे, रात्री मी पहिला होतो, आता तिसरा काहून?"

"रिफ्रेश मारा, भाऊ!"

भाऊंनी मारलं. दुसरे आले. पुन्हा मारलं. तिसरे. पुन्हा. पहिले! त्यांनी तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढून स्टेटसला लावला. तो बघून उरलेल्या दोघांनीही अंगठे सरसावले, त्यांच्या कार्यकर्त्यांनीही. दुपारपर्यंत आकडेवारीच्या प्लगिनवरची रेघ सरळ वर चढली आणि यादीत ॲशबर्नच्या वर पहिल्यांदाच गोंदिया आलं.

मित्राने त्या आलेखाची रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि दिवाळीचे दर वाढवले. तिघांनीही ते बिनबोभाट दिले. एक चौथे भाऊ नव्याने येऊ पाहत आहेत. त्यांनी फक्त एवढंच विचारलंय, की रिफ्रेश न मारता पहिलं यायचं काही प्लगिन मिळते का, आणि त्याचे वेगळे किती घेणार.